मिशांखालची वाळू

बीड जिल्ह्यात वाळू म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे मासा येत नाही. हायवा येतो, रात्रीचं टिप्पर येतं, महसूलचं पथक येतं, जप्त केलेले ढीग येतात. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतल्या गोदाकाठच्या गावांत वाळूचा भाव पोराटोरांनाही ठाऊक असतो, आणि तो सांगितला जातो ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आता दोन फूट लांब आणि एक फूट रुंद अशी घरगुती काचेची टाकी घ्या. तिच्या तळाशी चार सेंटिमीटरचा थर द्यायचा तर जवळपास साडेसात लिटर, म्हणजे अकरा-बारा किलो वाळू पुरते. एका ब्रासमध्ये अशा पावणेचारशेहून अधिक टाक्या होतील. जिच्यावरून इथे राजकारण तापतं त्या वाळूतली ही चिमूटभर मागणी. मागणाऱ्याला तोंड उघडून ती मांडता येत नाही, कारण तो मासा आहे. त्याला फक्त मिशा आहेत.

कोरीडोरस हे त्याचं नाव. दुकानदार त्याला नुसतं ‘कोरी’ म्हणतात. पाच-सात सेंटिमीटरचा, पोटाकडून सपाट, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पातळ पट्ट्यांच्या दोन ओळी आणि तोंडाभोवती आखूड मिशा. मूळ गाव दक्षिण अमेरिका. ‘बीगल’ जहाजावरच्या सफरीत चार्ल्स डार्विनने जे मासे गोळा केले त्यांत ठिपक्यांचा कोरी होता. लिओनार्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या कुळाची फेरमांडणी केली, तेव्हा डार्विनचा हा मासा ‘हॉप्लिसोमा’ झाला आणि दुकानात सर्रास दिसणारा काशाच्या रंगाचा कोरी ‘ऑस्टिओगॅस्टर’ झाला. दुकानदारांना याची खबर असण्याचं कारण नाही आणि माशांना तर नाहीच. आज बाजारात मिळणारे कोरी बहुतेक पैदास केंद्रांत जन्मलेले असतात. भारतात या शोभेच्या माशांचा मोठा व्यापार कोलकाता परिसरातून आणि चेन्नईच्या कोलत्तूर भागातून चालतो.

हा मासा विकला जातो तो सफाई कामगार म्हणून. ‘दोन कोरी टाका, खाली पडलेलं सगळं खातील, टाकी स्वच्छ राहील,’ हा सल्ला गावोगावी मिळतो. सल्ला अर्धाच खरा आहे. कोरी तळाशी पडलेलं अन्न खातो. घाण खात नाही, विष्ठा तर नाहीच. त्यालाही स्वतःचा, बुडणारा खाऊ लागतो. आणि दोनच्या जोडीने तो घाबरून राहतो. सहा-आठांच्या घोळक्यात खुलतो. पण त्याची मोठी अडचण आणखी खाली असते. टाकीच्या तळाशी निळे, गुलाबी, पांढरे रंगवलेले खडे पसरलेले असतात आणि खाऊचा दाणा त्या खड्यांच्या फटीत जाऊन बसतो. जिथे मिशी पोचते तिथे तोंड पोचत नाही.

वाळूवरचा कोरी पाहिला की हा फरक लगेच कळतो. तो तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, तोंडभर वाळू घेतो आणि सुपात धान्य पाखडावं तसं आतल्या आत निवडतो. खाण्याजोगं गिळतो, वाळू कल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी गळून पडते. मिशांवर चव कळणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे अंधारात किंवा गढूळ पाण्यातही त्याचं अडत नाही. मधूनच तो सुर्रकन पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि परत खाली जातो. नवखे मालक हे पाहून घाबरतात. वास्तविक ही त्याची नेहमीची सवय: गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्यातून शोषतो. सतत, मिनिटामिनिटाला वर येऊ लागला तरच पाण्याकडे बघायचं.

खड्यांच्या टाकीत हे सारं पाखडणं बंद पडतं. मासा जगतो, पण त्याचा दिवसभराचा धंदाच गेलेला असतो.

वाळू ज्यांना मानवते असा कोरी एकटाच नाही. नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, गांडुळासारखा लांब कुली लोच वाळूत स्वतःला गाडून घेतो. जिओफेगस गटातले सिक्लिड मासे दिवसभर वाळू चावून बाहेर टाकतात. आणि आपल्याकडे घराघरांत दिसणारा गोल्डफिशसुद्धा तळ उकरून खाणारा आहे. त्याच्या तोंडाच्या मापाचा खडा टाकीत असला की तो कधीतरी तोंडात अडकतो आणि मग चिमटा घेऊन मालकाची धावपळ होते. उलट मॉली, गप्पी, एंजल यांचं तळाशी फारसं काम नसतं. काचेला चिकटणाऱ्या ‘सकर’लाही खडे चालतात. म्हणजे टाकीत नुसत्या मॉली-गप्पी असतील तर खडे काढण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. हे आधी सांगायला हवं, कारण हौशी माणसाला एखादी गोष्ट ‘चांगली’ असं कळलं की तो ती सगळीकडे करून पाहतो.

आता मिशांचा वाद. खड्यांवर ठेवलेल्या कोरीच्या मिशा हळूहळू झिजतात, आखडतात, कधी मुळापासून जातात. मासे पाळणाऱ्यांत याचं सरधोपट स्पष्टीकरण असं: खड्यांच्या धारदार कडांनी मिशा कापल्या जातात. ते पूर्ण पटत नाही. गोल, गुळगुळीत खड्यांवर, नेमाने साफ होणाऱ्या टाकीत वर्षानुवर्षं शाबूत मिशांचे कोरी दिसतात; आणि वाळू असूनही तळ कुजलेला असेल तर मिशा जातात. खरा दोषी बहुधा कडांपेक्षा फटी आहेत. फटीत अन्न आणि विष्ठा साठते, कुजते, तिथे जिवाणू माजतात आणि मासा नेमका तिथेच दिवसभर तोंड घालतो. कडेने किरकोळ ओरखडा उठला तर त्याच घाणीतून संसर्ग होतो. वाळूत फटी नसतात. घाण वर पडून राहते, डोळ्यांना दिसते आणि नळीने ओढून घेता येते. वाळूचा मोठा गुण हाच: ती घाण लपवू देत नाही. मिशी मुळातून गेली नसेल तर तळ आणि पाणी सुधारल्यावर ती परत वाढते.

पाण्याचा हा मुद्दा बीडमध्ये जास्तच खरा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटचा सर्वाधिक उपद्रव असलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांची यादी आहे. तीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, जळगाव आणि यवतमाळ यांच्याबरोबर बीडचंही नाव आहे. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम; ती ओलांडणाऱ्या विहिरी आणि बोअर इथे खूप आहेत. टाकीतलं पाणी बदलायचं ते मुख्यतः साठलेलं नायट्रेट कमी करण्यासाठी. बोअरचं पाणीच नायट्रेट घेऊन येत असेल तर बदलूनही हाती काही लागत नाही. तेव्हा खडे-वाळूचा निर्णय घेण्याआधी टाकीत ओततो त्या पाण्याची तपासणी करणं शहाणपणाचं. नायट्रेट जास्त निघालं तर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळता येतं. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत ओतू नये. त्यात क्षार आणि नायट्रेट आणखी दाट झालेले असतात.

नळाच्या पाण्याबाबत मात्र बीडकरांच्या दुर्दैवाचा माशांना थोडा फायदा होतो. शहराला माजलगाव धरणातून आणि बिंदुसरा प्रकल्पातून पाणी मिळतं, पण ते रोज येत नाही. आठ-आठ, कधी त्याहून जास्त दिवसांनी येतं. लोक ते टाक्यांत, पिंपांत साठवून ठेवतात. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला क्लोरीन उडवण्यासाठी औषधाचे थेंब घालावे लागतात. इथे उघड्या पिंपातल्या पाण्यातला क्लोरीन चार दिवसांत आपसूक उडून गेलेला असतो.

खडे ही काही मत्स्यालयाची मूळ रीत नव्हे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि पुढे कुजणारी पानं खायला गोगलगायी. पाणी न बदलता हा संसार चालला आणि घरगुती मत्स्यालयाची कल्पना तिथून रुजली. त्या पात्राच्या तळाशी वाळू आणि चिखल होता. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. खड्यांचं राज्य आलं ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, ‘अंडरग्रॅव्हल फिल्टर’मुळे. फटी असलेली प्लास्टिकची ताटली तळाशी ठेवायची, तिच्यावर खडे पसरायचे आणि हवेच्या पंपाने कोपऱ्यातल्या नळीतून पाणी वर उचलायचं. पाणी खड्यांमधून खाली जातं, खड्यांवर वाढलेले जिवाणू ते शुद्ध करतात. स्वस्त, टिकाऊ आणि बिनबोभाट. छोट्या गावांतल्या जुन्या टाक्यांत ही ताटली अजूनही सापडते.

वाळू घालायचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी हीच ताटली शोधावी. ती असेल तर तिच्यावर वाळू चालत नाही. कण फटींतून खाली जातात, उरलेले फटी बुजवतात, पाण्याचा प्रवाह थांबतो आणि ताटलीखाली अडकलेली घाण प्राणवायूविना सडते. अशा टाकीत आधी दुसरा फिल्टर, निदान हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर बसवावा, तो जुन्या फिल्टरबरोबर महिना-दीड महिना चालू द्यावा आणि मगच ताटली काढावी. या एका चुकीने जितक्या टाक्या बसल्या असतील तितक्या वाळूच्या प्रतीने बसल्या नसतील.

दीड महिना कशासाठी, तर टाकीतल्या अदृश्य बिऱ्हाडासाठी. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी. एका प्रकारचे सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतात असं पूर्वी सगळी पुस्तकं सांगायची. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात हे टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. नावं काहीही असोत, हे जीव पाण्यात मोकळे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर आणि खड्यांवर चिकटून राहतात. सगळे खडे एकदम उचलले की बिऱ्हाडाचा मोठा हिस्सा घराबाहेर जातो. फिल्टर मोठा आणि जुना असेल तर टाकी हा धक्का सोसते. फिल्टर तोकडा असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागतात.

दिवाळीच्या साफसफाईत मासे मरतात ते याच कारणाने. घर रंगवायला काढलं की टाकी रिकामी होते, खडे साबणाने चोळले जातात, स्पंज नळाखाली पिळला जातो, काचा लख्ख होतात. लक्ष्मीपूजनाला टाकी झगमगते आणि भाऊबीजेला एक-एक मासा उलटा होतो. मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात.

आता वाळू कुठली घ्यावी? बीडकर पहिल्यांदा नदीचं नाव घेणार. साहजिक आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. माधवराव पेशव्यांनी १७६३ मध्ये निजामाला हरवलं ते राक्षसभुवन तिच्याच काठी. सिंदफणा तिला माजलगाव तालुक्यात मंजरथला मिळते. या पात्रांतली वाळू दख्खनच्या काळ्या कातळाची लेक आहे: काळसर बसाल्टचे कण, गारगोटीचे तुकडे आणि त्यांत चुनखडीचे पांढरे कण. गोची तिथेच आहे. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाणी जड करत जाते, आणि मराठवाड्याचं बोअरचं पाणी मुळातच जड असतं. परीक्षा सोपी: मूठभर कोरड्या वाळूवर लिंबू पिळावं किंवा व्हिनेगर टाकावं. बुडबुडे आले, फसफसलं, तर चुना आहे. मॉलीला असं पाणी आवडतं, कोरीला नाही. शिवाय नदीच्या वाळूबरोबर शेतातून वाहून आलेली फवारणीची औषधं, गावाचं सांडपाणी, परजीवींची अंडी काय काय येईल याचा नेम नाही.

दुसरी बाजूही आहे. गोदावरीवरचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं. वरून येणारी जाड वाळू तेव्हापासून धरणाच्या भिंतीपुढे फारशी येत नाही. खालच्या पात्रात आहे ती जुनी पुंजी, आणि ती उपसणं चालूच आहे. पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातल्या गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी बजावलं. राज्य सरकारने २०२३ मध्ये ब्रासला ६०० रुपयांनी वाळू देण्याचं धोरण आणलं, २०२५ मध्ये ते बदललं आणि कृत्रिम वाळूला बळ द्यायचं ठरवलं. धोरणं बदलत राहतील. टाकीसाठी बारा किलो वाळू पात्रातून आणल्याने गोदावरी ओस पडणार नाही हे खरं, पण माशाच्या हिताचा विचार केला तरी ती आणू नये.

ज्या क्रश सँडला सरकार बळ देत आहे ती बांधकामाला ठीक. ती कातळ फोडून केलेली, तिचे कण टोकदार आणि भुकटी अमाप. तळाच्या माशासाठी ती खड्यांपेक्षाही वाईट. कल्ल्यांतून गाळून काढायची गोष्ट कोनेदार असून चालत नाही.

मग उरते सिलिका वाळू, आणि ती मिळणं दिसतं तितकं अवघड नाही. मराठवाड्यातल्या गावोगावी पाण्याचे जार भरून देणारे प्रकल्प आहेत. त्यांच्या आणि पोहण्याच्या तलावांच्या गाळण टाक्यांत हीच वाळू भरतात. पाणी शुद्धीकरणाचं सामान विकणाऱ्याकडे ती पोत्याने मिळते. महाराष्ट्रात तिच्या खाणी सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात आहेत. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: कण अर्धा ते एक मिलिमीटरचा असावा आणि चिमटीत चोळल्यावर टोचू नये. भूशास्त्रज्ञांच्या मोजमापात दोन मिलिमीटरपर्यंत वाळू आणि त्यापुढे खडे. पण कोरीला दोन मिलिमीटरचा कणही जड जातो. फार बारीक, पिठासारखी वाळूही नको. ती दाबून बसते आणि जराशा हालचालीने पाणी गढूळ करते. रंग फिका मातकट बरा. पांढऱ्याशुभ्र वाळूवर मासे बुजतात, फिकट दिसतात, आणि विष्ठेचा प्रत्येक ठिपका मालकाला छळतो.

धुणं हा खरा घाम काढणारा भाग. बारा किलो वाळू धुवायला कमीत कमी आठ-दहा बादल्या पाणी लागतं. ज्या जिल्ह्यात २०१६ चा उन्हाळा लोक विसरलेले नाहीत तिथे ही गोष्ट हलक्याने सांगता येत नाही. त्या वर्षी केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि त्या धरणावर तहान भागवणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. म्हणून वाळू एकदम न धुता दोन-दोन किलोच्या घाण्याने, घमेल्यात धुवावी. पहिलं गढूळ पाणी बादलीत निवळू द्यावं, वरचं पाणी पुढच्या घाण्याला वापरावं, शेवटचा गाळ झाडांना द्यावा. साबण मुळीच नको. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत धुतलं की पुरे. शंभर टक्के नितळ व्हायची वाट पाहणारा पाणीही घालवतो आणि कंबरही.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस सुट्टीचा धरावा. आधीचे आठ-दहा दिवस दर दोन दिवसांनी नळीने खड्यांमधली घाण थोडी थोडी ओढून घ्यावी, म्हणजे ऐन दिवशी सगळा गाळ एकदम उसळत नाही. त्या दिवशी सकाळपासून खाऊ बंद. टाकीतलं अर्धं पाणी स्वच्छ, साबण न लागलेल्या टबात काढावं, मासे त्यात सोडावेत, हवेचा दगड लावावा आणि टब झाकावा. कोरी उडी मारतो, कुली लोच तर हमखास. लोच जाळीने धरताना जपावं, त्यांच्या डोळ्याखालचा बारीक काटा जाळीत अडकतो. फिल्टरचा स्पंज त्याच जुन्या पाण्यात बुडवून चालू ठेवावा. तो वाळला की आतलं बिऱ्हाड मेलं. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

मग खडे काढायचे. टाकीत पाणी असताना खडे उपसू नयेत. तळातला कुजका गाळ पाण्यात मिसळतो आणि काळ्या गाळातून अंड्याच्या सडक्या वासाचा वायू सुटतो, तो माशांना घातक. पाणी काढून, प्लास्टिकच्या सुपडीने, काचेला न खरवडता काढावेत. रिकाम्या टाकीत ओली वाळू पसरावी, कुठे तीन, कुठे पाच सेंटिमीटर. त्याहून जाड नको. वर एक ताटली ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडली की वाळू उडत नाही. फिल्टरचं तोंड वाळूपासून चार बोटं वर घ्यावं आणि गढूळपणा बसल्यावरच तो सुरू करावा. वाळूचा एक कण पंपाच्या चक्रात गेला की घरघर सुरू होते आणि पंप महिन्याभरात जातो. मूठ-दोन मुठी जुने खडे जाळीच्या पिशवीत बांधून टाकीच्या कोपऱ्यात तीन-चार आठवडे ठेवावेत, म्हणजे नव्या वाळूवर जिवाणूंची वस्ती लवकर होते. पुढचा आठवडा खाऊ निम्मा आणि अमोनियाची तपासणी एक दिवसाआड.

मासे न काढता, दर आठवड्याला चतुर्थांश खडे काढून वाळू टाकत जाण्याचा सल्लाही दिला जातो. जिवाणूंच्या दृष्टीने तो सुरक्षित वाटतो, पण चार वेळा गाळ उसळतो आणि माशांना चार वेळा धसका बसतो. शिवाय मध्येच कंटाळा आला तर खडे-वाळूची भेसळ तशीच राहते आणि काही दिवसांत वाळू खाली, खडे वर होतात. पन्नासेक लिटरच्या टाकीत एका दिवसात काम उरकणं बरं.

वाळू बसल्यावर तिची निगा वेगळी. खड्यांत नळी खोल खुपसायची असते. वाळूवर ती दोन बोटं वर धरून फिरवायची, घाण उचलली जाते, वाळू राहते. पंधरा दिवसांनी बोटाने हलकेच उकरावी. कुठे काळे डाग दिसले तर तिथे वाळू दबून हवा कोंडली आहे असं समजावं. मेलानॉइडिस नावाची, मळसूत्रासारख्या लांबट शंखाची गोगलगाय हे उकरण्याचं काम रात्रीचं फुकट करते. ती भारतातल्या नद्या-तलावांत सर्वत्र सापडते. फक्त खाऊ जास्त पडला तर तिची प्रजा आवरत नाही.

ही सगळी खटपट ज्या परदेशी माशासाठी चालते त्याच्या तोडीचे तळाचे रहिवासी बीडच्या नद्यांत आधीपासून आहेत, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जिल्ह्याचं बहुतेक पाणी गोदावरीला जातं, आष्टीकडचं सीनेवाटे भीमेला. दख्खनच्या या नद्यांत वाळूत राहणारे लोच आहेत. कर्नल विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी मांडली; तिच्यातल्या एका लोचला त्याने दिलेलं ‘मुरेह’ हे नाव आजही शास्त्रीय नावात टिकून आहे. लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस हा बोटाएवढा, ठिपक्यांचा लोच तर धोक्याची चाहूल लागताच वाळूत नाहीसा होतो. वाम सगळ्यांच्या माहितीची, पण ताटातली. दिवसा ती वाळूत अंग लपवून नुसतं टोकदार नाक बाहेर ठेवते हे खाणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतं. पिल्लू असताना तिला टाकीत ठेवतात, मग ती हातभर होते आणि मालकाची पंचाईत.

सह्याद्रीतला झेब्रा लोच म्हणजे बोटिया स्ट्रायाटा मात्र दुकानात मिळतो. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतून त्याचं वर्णन केलं; महाराष्ट्रात तो कृष्णेच्या खोऱ्यात आढळतो. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत तो आता संकटग्रस्त आहे. राजीव राघवन, नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या तीस जातींचे पंधरा लाखांवर गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले, आणि त्यांत हा झेब्रा लोच ठळक होता. पैदास केंद्रातला कोरी घेणं आणि ओढ्यातून पकडलेला झेब्रा लोच घेणं यांत फरक करायला हवा. दुकानदाराला मासा कुठून आला हे विचारावं. उत्तर टाळलं तर मासाही टाळावा.

उलटा प्रवासही तितकाच घातक. वाढून फूटभर झालेला सकर अनेकांनी ‘जीव वाचवला’ म्हणून धरणात सोडला; उजनी धरणावरच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आता तो येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. तळ बदलताना एखादा नकोसा मासा निघाला तर तो दुकानात परत द्यावा, बिंदुसरा नदीत किंवा बीडच्या कंकालेश्वर मंदिराच्या कुंडात सोडू नये.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. बीडचा उन्हाळा चाळिशी पार करतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि अमोनियाचा विषार जास्त. दक्षिण अमेरिकेतल्या या माशाला बावीस ते सव्वीस अंशांचं पाणी मानवतं. हे सगळं जुळतं ते कार्तिक ते पौष या दिवसांत, शिवाय पावसाळ्यानंतर धरणात पाणीही असतं. तेव्हा या दिवाळीत टाकीला हात लावू नका. बाहेरून काच पुसा आणि थांबा. वाळू, दुसरा फिल्टर आणि तपासणीचं औषध आणून ठेवा, लिंबू पिळून वाळू पारखा, आणि फराळाची गडबड संपली, पाहुणे परतले की नळाला पाणी आलेल्या पहिल्या रविवारी खडे काढा; तळाशी ताटली असेल तर मात्र दुसरा फिल्टर महिना-दीड महिना चालल्यावरच.